दक्षिणेची खोली

काशीनाथ भाट्यांचं सगळं आयुष्य लोकांची तोंडं दक्षिणेकडे वळवण्यात गेलं. पंचगंगा घाटावर त्यांची बसायची पायरी ठरलेली होती. सातारा, अकोला, नागपूर कुठून कुठून माणसं आपापले गेलेले आईबाप मनात घेऊन काशीला यायची, आणि काशीनाथ गुरुजी त्यांना पायरीवर बसवून सांगायचे, "जानवं उजव्या खांद्यावर घ्या. आता वळा. असे नाही हो, असे! पितर तिकडे असतात, दक्षिणेला." शहरी माणसाला दिशा कळत नाही. डावं-उजवं कळतं, फोनमधला नकाशा कळतो, पण भर घाटावर दक्षिण कुठली म्हणून विचारा, तो खुशाल नदीपलीकडे बोट दाखवणार. मग गुरुजी त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला नीट वळवून बसवायचे आणि पुढचा मंत्र म्हणायचे.

आणि ज्यांच्या घरात चार पिढ्या काशीत नांदल्या, त्यांना मंगला गौरीच्या गल्लीतले पानवाले, नाववाले अजून काय म्हणायचे? दक्खिनी महाराज! घरात मराठी, दारात हिंदी, श्राद्धाला आमटी आणि नाश्त्याला कचौडी, असं सगळं झालं तरी दक्खिनी ते दक्खिनीच. पोट भरायचं दक्षिणेवर, हाक मारली जायची दक्षिणेच्या नावाने, दिवसभर तोंड दक्षिणेकडे. आणि हाच माणूस घरी आला की त्या दिशेला असा भ्यायचा, की पुसायची सोय नाही.

भाट्यांच्या घरात दक्षिणेकडे तोंड करून कुणी जेवायचं नाही. ज्याचे आईबाप जिवंत आहेत त्याने तर मुळीच नाही. ते आईबापांवर येतं, असं शास्त्र. शास्त्र पुष्कळ घरांत असतं, पण लोक ते सणावारी काढतात. गुरुजींच्या घरी ते रोज दोन वेळा ताटाबरोबर मांडलं जायचं. एकदा मीटर बघायला आलेल्या वीज खात्याच्या माणसाला शरदिनीबाईंनी पोहे दिले, तर गुरुजींनी त्याला घासासकट उठवून पलीकडच्या पाटावर बसवलं. शरदिनीबाई म्हणजे त्यांची बायको. मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायच्या आणि तोंडाने फटकळ होत्या. म्हणायच्या, "आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी नाही देत, आधी होकायंत्र ठेवतात." गुरुजी हसायचे, पण पाट हलवायचे.

त्यांच्या या भीतीमागे एक गोष्ट होती आणि ती त्यांनी जन्मात कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा.

गुरुजी शाळकरी असताना रामनगरला एका यजमानाकडे मुंज होती. वडिलांबरोबर नावेत बसून पलीकडे गेले. समोरासमोर दोन पंगती पडल्या. एकीची तोंडं उत्तरेला, दुसरीची दक्षिणेला. दक्षिणेला तोंड असलेल्या पंगतीत ज्यांचे वडील नाहीत तीच माणसं बसवलेली. तिथे शिवराम म्हणून काशीनाथचा मित्र होता, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी. हा पठ्ठ्या सरळ जाऊन त्याच्याजवळ बसला. वडिलांनी समोरून पाहिलं, डोळे मोठे केले आणि मग हसून सोडून दिलं. पोरगं आहे, बसलं मित्राजवळ! त्याच भाद्रपदात वडील तापाने गेले. दिवस झाले तेव्हा आई एवढंच म्हणाली, "रामनगरला तू कुठे बसला होतास, ठाऊक आहे ना?" पुन्हा आयुष्यात कधी तिने तो विषय काढला नाही. एकदाच म्हणाली, पण पोराच्या छातीत ते रुतून बसलं. दुःखात माणूस काय वाटेल ते बोलून जातो हो, पण ते ऐकणाऱ्याला पुरतं आयुष्यभर.

तर अशा माणसाला देवश्री ही एकुलती एक मुलगी. बुद्धीने तल्लख, स्वभावाने इतकी गरीब की शरदिनीबाईंना काळजी वाटायची. भांडायची नाही, हट्ट करायची नाही. लहानपणी घाटावर बापाशेजारी बसून गंगेचं पाणी बाटलीत भरायची आणि उजेडाला धरून बघायची. तेच खूळ मोठेपणी राहिलं. रसायनशास्त्र शिकली, नदीच्या पाण्यात काय काय मिसळतं याचा अभ्यास पुढे करायचा म्हणाली, आणि एके दिवशी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन नावाच्या गावी प्रवेश मिळाल्याची बातमी घेऊन घरी आली. शरदिनीबाई रडल्या, हसल्या, गल्लीभर पेढे वाटले. गुरुजींनी मंगला गौरीला जाऊन ओटी भरवली. घाटावर जो भेटेल त्याला सांगायचे, "बिटिया विलायत जा रही है." ऐकणारा म्हणायचा, "वाह गुरु!" तेवढ्यावर गुरुजींचा दिवस जायचा.

आता तिथे राहायचं कुठे? जुलैत तिघं जण लॅपटॉपभोवती बसले. विद्यापीठाची वसतिगृहं दूर होती, घर भाड्याने घ्यायचं तर तिथे ओळखीचं कुणी नाही. शेवटी विद्यार्थ्यांसाठीच बांधलेली एक इमारत देवश्रीला पसंत पडली. कॉलेज पायी जाण्याजोगं, प्रत्येकाला आपली खोली आणि खोलीतच छोटी शेगडी. गुरुजींचा पहिला प्रश्न शेगडीचाच होता. "म्हणजे दुसऱ्याच्या कढईशी संबंध नाही ना?" "नाही बाबा, बिलकुल नाही." मग त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. शरदिनीबाईंनी विचारलं, कुलूप कसं आहे, खाली रखवालदार आहे का, रात्री येण्याचा रस्ता बरा आहे का. आईबापांनी जे विचारायचं ते सगळं रीतसर विचारून झालं.

एका मजल्यावर दोनच खोल्या शिल्लक होत्या, एकाच बोळाच्या दोन बाजूंना, समोरासमोर. देवश्रीने एकीवर बोट ठेवलं. "ही घेते. खिडकीबाहेर झाड आहे, बघ आई." फोटोत खिडकी होती, खिडकीला लागून भिंतीत ठोकलेलं टेबल होतं, आणि टेबलावर उन्हाचा एक मोठा चौकोन पडला होता. दुसऱ्या खोलीचा फोटो दिवा लावून काढलेला. बाकी सगळं तसंच. खिडकीसमोर करड्या दगडाची भिंत.

"नकाशा दाखव," गुरुजी म्हणाले.

नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण होता. गुरुजींनी लॅपटॉप उचलून फिरवला, स्वतः फिरले, पुन्हा बाण बघितला. झाडाची खोली दक्षिणेची निघाली. टेबल खिडकीला ठोकलेलं, हलवता यायचं नाही. म्हणजे त्या खोलीत पोरगी बसणार ती दक्षिणेकडे तोंड करून. अभ्यास तसाच, आणि जेवण? जेवायला दुसरं टेबल नाहीच.

"ही नको," ते म्हणाले. "समोरची घे. उत्तरेकडे तोंड करून अभ्यास केला की विद्या येते. आणि थंड राहील खोली."

शरदिनीबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, स्कॉटलंडात जायचंय तिला. थंड खोली काय करायचीय तिथे?"

पण गुरुजींनी काशीच्या उन्हात जन्म काढलेला. जेठ महिन्यात दक्षिणेची भिंत कशी तापते, रात्री अंथरुणसुद्धा कसं पोळतं, आणि उत्तरेची खोली कशी देवासारखी वाटते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. थंड खोली म्हणजे चांगली खोली, यात शंका घ्यायला जागा आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. देवश्रीने एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा बापाच्या चेहऱ्याकडे. "ठीक आहे बाबा, ही घेते," म्हणाली आणि भिंतीची खोली घेतली. वर्षभराचा करार झाला. शरदिनीबाई उठून चहा टाकायला गेल्या.

सप्टेंबरात ती गेली. सुरुवातीला रोज फोन, रोज नव्या गमती. समोरच्या झाडाच्या खोलीत नागपूरची रुचा नावाची मुलगी आली होती. ती देवश्रीला "काशीचे पंडित" म्हणायची आणि तिच्या हातची खिचडी खायला यायची. गाव सगळं करड्या दगडाचं, समुद्रावरचे पांढरे पक्षी मांजरासारखे ओरडतात, प्रयोगशाळा इतकी स्वच्छ की शिंकायची भीती वाटते. गुरुजी फोनमध्ये तिचं टेबल बघायचे. उत्तरेला तोंड, समोर गणपती. त्यांना बरं वाटायचं.

ऑक्टोबर सरता सरता ती म्हणाली, "बाबा, इथे दुपारीच संध्याकाळ होते." गुरुजींना ती गंमत वाटली. घाटावर सांगितली सगळ्यांना.

कार्तिक लागला. पंचगंगेवर बांबूंच्या शेंड्याला टोपल्या बांधून त्यांत आकाशदिवे लावतात, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. गुरुजी एका यजमानाचा दिवा दोरीने वर चढवत होते, तेवढ्यात फोन आला. दोरी पायाखाली दाबून त्यांनी तो उचलला. पडद्यावर देवश्री. खोलीत दिवा होता तरी चेहरा नीट दिसत नव्हता.

"आकाशदिवे लागले का बाबा?"

"लावतोच आहे. तू जेवलीस?"

ती म्हणाली, "बाबा, रुचा जातेय. तिची बहीण इथून तासाभरावर असते, तिच्याकडे राहून येजा करणार. तिची खोली रिकामी होतेय. खाली ऑफिसात एक अर्ज दिला की मला मिळेल. घेऊ?"

"समोरची? ती दक्षिणेची?"

"हां. माझ्या खोलीत ऊन येतच नाही हो बाबा. एकदम नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही. मतलब, सकाळ झालीय हेच कळत नाही."

"दिवा लावत जा सकाळी. तुपाचा. प्रसन्न वाटेल."

"इथे दिवा लावला तर छतातला भोंगा वाजतो, सगळी बिल्डिंग खाली उतरते." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "मी जेवताना पलंगावर बसेन, बाबा. भिंतीकडे तोंड करून. टेबलावर नाही जेवणार. चालेल?"

अरे, बघा तरी! पोरीने सगळा विचार करून ठेवला होता. बापाचं शास्त्र बापाच्या हाती सुरक्षित ठेवून आपल्यापुरता एक उन्हाचा तुकडा मागत होती. हो म्हणायला किती वेळ लागतो? पण गुरुजींच्या डोळ्यांसमोर रामनगरची पंगत उभी राहिली. ते स्वतःच्या मरणाला भीत नव्हते, हे इथे स्पष्ट सांगितलं पाहिजे. म्हातारपणी कोण भितो? त्यांना भीती होती ती वेगळीच. उद्या आपलं काही बरंवाईट झालं आणि ही पोर जन्मभर मनात म्हणत बसली, की मी त्या खोलीत बसले म्हणून बाबा गेले, तर? ते ओझं कसं असतं ते त्यांना माहीत होतं. पन्नास वर्षं तेच वाहत होते ते. मुलीला ते द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

हे सगळं तिला सांगितलं असतं तर? तिने समजूत घातली असती, दोघं रडले असते, आणि कदाचित काही वेगळं झालं असतं. पण ते म्हणाले एवढंच, "नको गं देवू. एका वर्षाचा प्रश्न आहे. आमच्यासाठी काढ."

"आमच्यासाठी" हा शब्द त्यांनी वापरला. देवश्रीसारख्या मुलीला यापुढे काही सांगावं लागत नाही. "बरं बाबा," ती म्हणाली. गुरुजींनी फोन ठेवला आणि दोरी ओढून कुण्या परक्याच्या आजोबांचा दिवा आभाळात चढवला.

मग फोन कमी होत गेले. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याने. पडद्यावर चेहरा येणं बंद झालं. म्हणायची, नेट कमजोर आहे. शरदिनीबाई स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभ्या असायच्या आणि पलीकडून नुसतं "हं", "हां", "खाल्लं" असं यायचं. एकदा फोन ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिचा आवाज खाली बसलाय. सर्दीने बसतो तसा नव्हे." गुरुजी म्हणाले, "अभ्यास असेल." त्यांनाही ते पटलेलं नव्हतं. रात्री उठून ते देवापाशी बसायचे, पण नक्की काय मागावं ते सुचायचं नाही.

संक्रांत आली. घाटावर ही गर्दी! थंडी मरणाची, पण दुपारी चक्क ऊन पडलं. कोल्हापूरचं एक जोडपं तर्पणाला बसलं होतं. संकल्प सांगताना गुरुजी सवयीने म्हणाले, "आजपासून उत्तरायण. सूर्य इतके महिने दक्षिणेला होता, आता तो उत्तरेकडे निघाला."

बाई चौकस होत्या. म्हणाल्या, "दक्षिणेला म्हणजे कुठे हो, गुरुजी?"

गुरुजींनी हात लांब करून दाखवलं. दक्षिणेला, नदीच्या वरच्या अंगाला, घरांच्या माथ्यांवर सूर्य कलून उभा होता. "तिथे. थंडीत तो तिथूनच जातो. डोक्यावर येतच नाही. म्हणून बघा, सावली नेहमी मागे पडते, उत्तरेला."

बोलता बोलता त्यांनी मागे बघितलं. त्यांची स्वतःची सावली पायरीवर लांब पडली होती. उत्तरेकडे. तिच्या टोकाला घाटाच्या भिंतीचा कोपरा होता, तिथे दव अजून वाळलं नव्हतं, दुपार झाली तरी.

गुरुजींचा हात तसाच राहिला. काशीत ही गत, मग वर, उत्तरेला, जिथे पृथ्वी संपत येते असं देवू म्हणायची, तिथे? तिथे तर सूर्य क्षितिजाला घासून जात असेल. दक्षिणेच्या कडेने. फक्त दक्षिणेच्या! ज्या खोलीची खिडकी उत्तरेला, तिच्यात तो सहा महिने डोकावणारसुद्धा नाही. घराचीच सावली त्या खोलीत मुक्कामाला. उत्तरायण, दक्षिणायन, जन्मभर हे शब्द तोंडात, पंचांग पाठ, हजारो माणसांच्या संकल्पात सूर्य कुठे आहे ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं. आणि आपल्या पोरीला खोली निवडून देताना सूर्य कुठे असेल हे त्यांना आठवलं नाही!

"गुरुजी? पुढे?" यजमान म्हणाले. "आम्ही कुठे तोंड करायचं आता?"

गुरुजी त्या सावलीकडेच बघत होते. शेवटी बाईंनीच नवऱ्याचा खांदा धरून त्याला वळवलं. तर्पण कसंबसं पार पडलं. दक्षिणा तशीच पायरीवर ठेवून गुरुजी फोन घेऊन वर गल्लीत पळाले. फोन वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा बंद. संध्याकाळी कधीतरी तिने उचलला.

"देवू, खोली बदल! आजच्या आज बदल. ती समोरची घे. मी सांगतो, मी बाप सांगतो तुला!"

"तिथे कुणी राहायला आलंय, बाबा."

"मग दुसरी घे! ऑफिसात सांग, माझ्या खोलीत ऊन नाही म्हणून सांग. भांड त्यांच्याशी."

"अर्ज लिहावा लागतो. उसमें बहुत काम होता है." ती हिंदीत बोलली. बापाशी ती सहसा हिंदीत बोलत नसे.

फेब्रुवारीत रुचाचा फोन आला, शरदिनीबाईंना. ती रडत होती. देवश्री महिनाभर वर्गात आली नव्हती. रुचाने दार वाजवून वाजवून उघडायला लावलं, तर आत दिवाही लावलेला नव्हता. पडदा ओढलेला, पलंगावर ही, आणि टेबलावर गणपतीपाशी बुरशी आलेला पाव. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांचं पाकीट न उघडता पडलेलं. "काकू, मला आधी कळायला हवं होतं," पोर पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिची काय चूक? तिने बिचारीने देवश्रीचं सामान बांधलं, तिला विमानात बसवून दिलं. शरदिनीबाई दिल्लीला जाऊन तिला घेऊन आल्या.

काशीत होळीची तयारी चालली होती. पोरं गल्लीत लाकडं गोळा करत होती, ऊन कसं चकचकीत पडलं होतं, आणि देवश्री रिक्षातून उतरली ती डोळ्यांवर ओढणी धरून. गुरुजी दारात उभे होते. ती त्यांच्या पाया पडली, "कसे आहात बाबा?" म्हणाली आणि आत जाऊन माजघरात बसली. त्या खोलीला खिडकी नाही.

ती तिथेच राहिली. शहरातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, औषध लागू पडेल, वेळ लागेल, पण तिला उजेडात बसवा, रोज बसवा. सांगणं सोपं. देवश्री नाही म्हणायची नाही. बाहेर बस म्हटलं की येऊन बसायची, आणि पाठ वळली की पुन्हा माजघरात. गंगेवर चल म्हटलं तर म्हणायची, उद्या. तिचं शिक्षण तिथेच थांबलं होतं, पण त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. शरदिनीबाई शाळेतून धावत घरी यायच्या, आधी तिच्या खोलीत डोकावून मगच चपला काढायच्या. नवऱ्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एवढ्या फटकळ बाई, पण त्या जुलैतल्या दिवसाचं नाव त्यांनी काढलं नाही. गुरुजींना वाटायचं, हिने एकदा तोंड सोडावं, घर डोक्यावर घ्यावं. त्या मुकाट्याने ताट वाढायच्या.

घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, गल्लीवर उघडणारी. दक्षिणेची. तिच्यात कुणी झोपलं नव्हतं, जेवलं नव्हतं; तिथे गुरुजींचं श्राद्धाचं सामान असायचं. दर्भाच्या जुड्या, जवाच्या पिठाची पोती, तिळाचे डबे, पत्रावळी. चैत्रात एका सकाळी गुरुजी घाटावर गेलेच नाहीत. त्यांनी ती पोती एकट्याने पाठीवर घेऊन खाली आणली. शरदिनीबाई मदतीला आल्या तर नको म्हणाले. खोली झाडली, धुतली, खिडकीची जाम झालेली दारं ठोकून ठोकून उघडली. खिडकीपाशी खाट टाकली, खाटेपुढे चौरंग मांडला. दहा वाजता खोलीभर ऊन आलं. त्यांनी स्वतः वरणभात वाढला, तूप घातलं, लिंबाची फोड ठेवली, आणि खाली जाऊन मुलीला हाताला धरून वर आणलं.

देवश्री उंबऱ्यावर थांबली. डोळे बारीक करून तिने खिडकी पाहिली, चौरंग पाहिला.

"बस ना देवू. ऊन आलंय बघ. इथेच जेवायचं आता रोज."

"तोंड कुठे होईल, बाबा?"

"होऊ दे कुठेही! काही नसतं त्यात." आणि मग त्या माणसाने पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या उंबऱ्यावर बोलून टाकलं. रामनगरची मुंज, शिवरामशेजारची जागा, वडिलांचं हसणं, भाद्रपदातला ताप, आणि आई काय म्हणाली ते. "ते तापाने गेले गं. माझ्यामुळे नाही गेले. मला हे आज कळतंय. मी चुकलो, देवू. तुला अंधारात बसवलं मी. तू नको आता ते धरून बसू. ये, बस इथे."

जिन्यात शरदिनीबाई उभ्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

देवश्रीने सगळं नीट ऐकून घेतलं. बापाच्या डोळ्यांतलं पाणी तिने आपल्या ओढणीने पुसलं, लहानपणी तो तिचं पुसायचा तसं. मग वाकून चौरंगावरचं ताट उचललं.

"नको, बाबा," ती अगदी समजुतीने म्हणाली. "तुम्ही दोघं आहात ना अजून."

आणि ताट घेऊन ती जिना उतरली, माजघरात गेली आणि उत्तरेकडे तोंड करून जेवायला बसली.